बाटली तीनदा वाचायची

उतेकर सिस्टरांनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी नापास केलं.

मी भोरचा. वरंध घाट उतरून पोलादपूर तालुक्यातल्या एका लहानशा सरकारी रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून रुजू झालो. रुग्णालयाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी एक चूक आहे आणि ती माझ्यापुरतीच राहिलेली बरी. तर पहिला दिवस. औषधाच्या खिडकीसमोर ही रांग. डोंगरातल्या वाड्यांवरून सकाळी सकाळी उतरलेली माणसं, बहुतेक म्हातारी. तरणी मुंबईला. मी भराभर चिठ्ठ्या वाचत होतो, पाकिटात गोळ्या घालत होतो, वर पेनानं १-०-१ लिहीत होतो आणि "सकाळ-संध्याकाळ, पुढचे" असं ओरडत होतो. आपला हात किती जलद चालतो याचं मला मनातल्या मनात कौतुकही वाटत होतं.

दहा मिनिटांत एक ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या सिस्टर खिडकीशी आल्या. त्यांनी एका म्हातारीचा हात धरला होता. मी मघाशी औषध दिलेलीच बाई.

"नवीन आलात ना? मी उतेकर. वॉर्डला असते. या काकींना विचारा, गोळ्या कशा घ्यायच्या ते."

मी विचारलं. काकींनी पाकीट डोळ्यांपाशी नेलं आणि म्हणाल्या, "सकाळी एक घ्यायची. मंग दुपारचं जेवायचं नाय. मंग रातीला एक."

"दुपारचं का नाही जेवायचं?"

"मधी शून्य हाय ना? नातवानं शिकवलंय मला शून्य. शून्य म्हंजे काय नाय."

मला हसू आलं. उतेकर सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पवार भाऊ, यांना साखरेचा आजार हाय. गोळी घेऊन दुपारी उपाशी राहिल्या तर बांधावर चक्कर येऊन पडतील, आणि घरचे म्हणतील बाहेरचं झालं. तुम्ही सांगितलंत ते खरं, पण काकींना काय समजलं ते तुम्ही विचारलं नाय." मग त्यांनी माझ्याच पेनानं ते शून्य खोडलं, काकींना बाकावर बसवलं आणि त्यांचा सगळा दिवस विचारून घेतला. उठता कधी, चहा कधी, भाकरी कधी, गुरं कधी सोडता. शेवटी एक गोळी सकाळच्या भाकरीला बांधली आणि एक रात्रीच्या. मागे रांग ताटकळत होती. मी चुळबुळ केली तर मला म्हणाल्या, "घाई झाली ना, की आधी बसायचं. उभ्यानं चुका जास्त होतात."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, हे पुढं कळलं. त्या खरोखर बसायच्या. वॉर्डात आरडाओरडा चालू असला, दोन नातेवाईक एकदम बोलत असले, की सिस्टर स्टूल ओढून आधी बसत आणि मग म्हणत, "हं, आता एकेकानं."

त्या मूळच्या वरंधकडच्या, सासर पोलादपूरच्या बाजूला. यजमान मुंबईला नोकरीत; गणपतीला आणि शिमग्याला येत. दोन मुली त्यांनी रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये एकटीनं वाढवल्या. डॉक्टरांशी बोलताना त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी असे; खाटेकडे वळल्या की लगेच "काय गो आये, आज दम लागतोय का?" सुरू होई. एकाच वाक्यात अर्धं इकडचं अर्धं तिकडचं बोलत, आणि ते त्यांच्या तोंडी शोभत असे.

त्यांच्या काही सवयी अशा होत्या, की नव्या माणसाला ती बाई विक्षिप्त वाटावी. औषधाची फेरी सुरू करताना त्या डाव्या खांद्यावर एक लाल नॅपकिन टाकत. नॅपकिन खांद्यावर असेपर्यंत त्या मुक्या. कुणी काही विचारा, उत्तर नाही. फक्त ज्याला औषध द्यायचं त्याच्याशी बोलणं. वॉर्डातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, नवीन आलेल्या नातेवाइकाला शेजारचा पेशंटच दटावत असे, "थांब रे, नॅपकिन हाय."

एकदा एक पुढारी वाढदिवसाची फळं वाटायला आले. सोबत दहा-बारा माणसं, फोटोवाला. पुढारी हात जोडून म्हणाले, "नमस्कार सिस्टर." सिस्टर ट्रॉलीवर इंजेक्शन भरत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. पुढारी परत म्हणाले, जरा मोठ्यानं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. आमच्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. हातात केळ्यांची फणी घेऊन ते गृहस्थ चांगली सात-आठ मिनिटं उभे राहिले. शेवटच्या खाटेचं इंजेक्शन झालं, नोंद झाली, तेव्हा सिस्टरांनी नॅपकिन काढून घडी घातली आणि वळून मनापासून हसल्या. "नमस्कार साहेब. माफ करा हां, हातात सुई होती. वाढदिवसाच्या शुभेच्छा. ही केळी बाळंतिणींना द्या. त्या कोपऱ्यातल्या आजोबांना नको, त्यांच्या किडनीला केळं चालत नाय." पुढारी इतके भांबावले की त्यांनी खरंच विचारून विचारून केळी वाटली.

दुसरी सवय नाव विचारण्याची. औषध देण्याआधी पूर्ण नाव पेशंटच्या तोंडून ऐकायचं. "तुम्ही सकपाळ ना?" असं कधी नाही. त्या म्हणत, असं विचारलं की आपली माणसं भिडेनं हो म्हणतात. सिस्टर म्हणतेय तर आपण सकपाळच असू, असं त्यांना वाटतं. त्यामुळं स्वतःच्या चुलत सासऱ्यालाही त्यांनी ताप आला तेव्हा "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारलं होतं. तो म्हातारा त्यांच्यावर वर्षभर रुसला होता.

पण एकदा शेजारशेजारच्या खाटांवर दोन सीताबाई सकपाळ आल्या. एकाच वाडीतल्या, एकाच वयाच्या. एकीला ताप, एकीचा रक्तदाब वाढलेला. "सीताबाई" म्हटलं की दोघीही ओ देत. पूर्ण नाव विचारलं तर दोघी पदर तोंडाला लावून गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? वॉर्डातल्या दुसऱ्या, धाकट्या सिस्टर म्हणाल्या, खाटेचा नंबर बघून देऊ या. उतेकर सिस्टर म्हणाल्या, "खाट बदलून बसतात त्या गप्पा मारायला. आत्तासुद्धा कोण कुठल्या खाटेवर हाय सांग." मग त्या दोघींकडे वळल्या, "नाव नाय घ्यायचं ना? मग उखाणा घ्या. उखाण्याशिवाय गोळी नाय."

वॉर्ड हसायला लागला. थोडे आढेवेढे झाले आणि पहिली सीताबाई लाजत लाजत म्हणाली, "गोळी घेते पाण्यानं, दूध घेते साखरेनं, कोंडूरावांचं नाव घेते सिस्टरच्या आग्रहानं." ती बसली होती दुसरीच्या खाटेवर. पुढचे चार दिवस रोज दोन वेळा उखाणे झाले आणि पुरुषांच्या वॉर्डातली माणसं दारात येऊन ऐकू लागली.

तिसरी सवय होती बाटली वाचण्याची. औषध कपाटातून काढताना एकदा लेबल वाचायचं, सिरिंजमध्ये भरताना दुसऱ्यांदा, आणि बाटली परत ठेवताना तिसऱ्यांदा. ओठ हलवत, शाळेतल्या मुलीसारखं. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, देऊन झाल्यावर तिसऱ्यांदा वाचून काय उपयोग? गेलं ते गेलं."

"गेलं ते गेलं खरं," त्या म्हणाल्या, "पण काय गेलं ते तरी कळायला नको?"

मी ते हसण्यावारी नेलं.

गणपत आबा पहिल्यांदा आमच्याकडे आले ते पडून. उभ्या डोंगरातल्या वाडीवर राहणारे, सत्तरी ओलांडलेले, पण काटक. महिन्याभरात तिसऱ्यांदा बांधावरून खाली कोसळले होते. घरच्यांनी देवाला कौल लावून झाला होता, नारळ देऊन झाला होता. सोबत सून आली होती, रंजना. नवरा भांडुपला, दोन मुलं लहान, सासऱ्यांना डोलीत घालून चौघांनी खाली आणलं होतं. डॉक्टरांनी तपासलं तर रक्तदाब फारच खाली.

सिस्टर रंजनाला म्हणाल्या, "घरी गोळ्यांचा डबा हाय का गो?"

"हाय ना. बिस्किटाचा."

"उद्या येताना तो आख्खा आण. त्यात काय असेल नसेल ते सगळं. काय फेकू नको, काय लपवू नको."

दुसऱ्या दिवशी डबा आला. सिस्टरांनी तो टेबलावर उपडा केला आणि मला बोलावून घेतलं. अर्धवट संपलेल्या पट्ट्या, मलमं, नातवाच्या खोकल्याची बाटली, एक तुटलेलं घड्याळ. त्यातल्या तीन पट्ट्या त्यांनी बाजूला काढल्या. "पवार भाऊ, तुमचे डोळे चांगले आहेत. यांच्यावरचं बारीक अक्षर वाचा."

मी वाचलं. एक पट्टी मुंबईच्या मुलानं तिकडच्या डॉक्टरांना दाखवून पाठवलेली, एक महाडच्या खाजगी दवाखान्यातली, एक आमच्याकडची, माझ्याच खिडकीतून गेलेली. वर नावं तीन, रंग तीन. आत औषध एकच. रक्तदाब उतरवणाऱ्या या तिन्ही गोळ्या आबा रोज सकाळी घेत होते. मुलानं पाठवलेली टाकायची कशी, सरकारनं दिलेली नाकारायची कशी, आणि महाडच्या डॉक्टरांचा हातगुण चांगला.

सिस्टर खाटेवर आबांच्या पायाशी बसल्या. "आबा, तुम्हाला देव नाय पाडत, मीच पाडत होते. आमचं औषध देताना घरात काय हाय ते आम्ही विचारलं नाय."

आबांनी दोन पट्ट्या आमच्याकडे सोडल्या, एक नेली. पडणं थांबलं. तेव्हापासून ते सिस्टरांचे भक्तच झाले. वाडीवरनं येताना कधी काकडी, कधी नाचणीचं पीठ घेऊन येत. वॉर्डात सांगत, "ह्या बायनं माजा डोळा उघडला." आणि सिस्टरांनी सगळ्या रुग्णालयाला नवा नियम लावला: पेशंट दाखल झाला की घरचा डबा मागवायचा. रुग्णालयात येताना डबा म्हणजे जेवणाचा, हे लोकांच्या डोक्यात असल्यानं सुरुवातीला बरेच जण भाकरी-भाजी घेऊन येत.

आबांना पुढं साखरेचा आजार निघाला. एका पावसाळ्यात चिखलात काम करताना पायाला काटा लागला, जखम चिघळली आणि ते पुन्हा आमच्याकडे दाखल झाले. जखम भरेपर्यंत रोज इन्सुलिनची इंजेक्शनं द्यायचं ठरलं.

आता मला माझी गोष्ट सांगायला हवी.

इन्सुलिनची जी बाटली आमच्याकडे वर्षानुवर्षं येत होती, तिच्यासाठी लाल टोपणाच्या सिरिंजा असत. त्या सिरिंजेवरचे आकडे त्याच बाटलीच्या हिशेबानं छापलेले. त्या आठवड्यात नवीन माल आला. बाटली दिसायला तशीच, नाव तेच, पण औषध दाट: तेवढ्याच पाण्यात अडीच पट. तिच्यासाठी सिरिंजाही वेगळ्या, नारिंगी टोपणाच्या. त्या दुसऱ्या खोक्यात होत्या. मी बाटल्या वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवायला पाठवल्या. सिरिंजांचं खोकं अजून फोडलं नव्हतं. वॉर्डात जाऊन सांगायला हवं, हे माझ्या डोक्यात होतं. भूक लागली होती. जेवून सांगू, असं मी ठरवलं.

त्याच दुपारी आंबेनळी घाटातल्या वळणावर एक जीप कलंडली. फार लागलं नव्हतं कुणाला, पण सहा माणसं एकदम आली, रक्त, रडारड. उतेकर सिस्टर आणि धाकट्या सिस्टर, दोघीच वॉर्डात. आबांच्या जेवणाची वेळ झाली होती. सिस्टरांनी फ्रिजमधून बाटली काढली, नाव वाचलं. सिरिंज भरताना पुन्हा नाव वाचलं. लाल टोपणाच्या सिरिंजेनं वीसच्या खुणेपर्यंत औषध घेऊन आबांना दिलं. मग बाटली परत ठेवताना ओठ हलवत तिसऱ्यांदा वाचली. या वेळी नावाखालचा ताकदीचा आकडाही वाचला.

मी माझ्या खिडकीत डबा उघडून बसलो होतो. उतेकर सिस्टरांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या व्हरांड्यातून पळत डॉक्टरांकडे गेल्या. मी घास हातात तसाच धरून उठलो. काय झालं असेल ते मला कुणी सांगायच्या आधीच कळलं होतं.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर सलाइन लावत होते आणि सिस्टर आबांच्या उशाशी साखरपाण्याचा पेला घेऊन बसल्या होत्या. आवाज अगदी नेहमीचा.

"आबा, नीट ऐका. माझ्या हातून चूक झाली हाय. तुम्हाला जेवढं द्यायचं त्याच्या अडीच पट इंजेक्शन गेलंय. आता तुमची साखर खाली जाईल. घाम सुटला, हात कापायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर लगेच मला सांगायचं. लाजायचं नाय. हे पाणी प्या आणि जेवून घ्या."

आबा पेला हातात घेऊन सिस्टरांकडे बघत राहिले. "तू? तू चुकलीस?"

"हो. मी."

"म्हंजे मी मरतो का काय आता?"

"मरू नये म्हणून तर सांगतेय. मी इथून हलत नाय."

रंजना भिंतीला टेकून उभी होती.

सिस्टर खरंच हलल्या नाहीत. जीपमधल्या लोकांना धाकट्या सिस्टरांनी आणि डॉक्टरांनी सांभाळलं. मीही पट्ट्या बांधायला धावलो. दर पंधरा मिनिटांनी आबांच्या बोटाला सुई टोचून साखर बघायची आणि कागदावर लिहायची. दोनच्या सुमाराला आकडा धाडकन खाली आला. आबांना दरदरून घाम फुटला. ते काहीतरी बरळू लागले, बैल सोड म्हणाले, छप्पर गळतंय म्हणाले. रंजना रडायला लागली. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. ती पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मग आबांनी डोळे उघडले, भोवती जमलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि "काय बघताय रे?" असं म्हणाले.

दिवेलागणीपर्यंत साखर जागेवर आली होती. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. ते सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाले, "आता ठीक आहेत ना ते? मग केसपेपरवर 'साखर कमी झाली, उपचार केले' एवढं लिहू. खोटं काहीच नाही त्यात. तुमची दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला."

सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, ती बाटली उद्याही फ्रिजमध्ये असणार. रात्रपाळीला दुसरी सिस्टर असणार. मी नाय लिहिलं, तर तिला कसं कळणार?"

आणि त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: नवीन बाटली, जुनी सिरिंज. मी नाव वाचलं, ताकद वाचली नाही. इतकं जास्त औषध गेलं. पेशंटला व नातेवाइकांना सांगितलं. खाली सही. माझं नाव कुठंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पेन रजिस्टरवर ठेवून त्या आबांच्या खाटेकडे परत गेल्या.

मी त्या टेबलापाशी बराच वेळ उभा होतो. मला घरी जाता आलं असतं. शेवटी मी त्याच पेनानं खाली लिहिलं की नवीन बाटली मी पाठवली, ताकद बदलल्याचं वॉर्डात कळवलं नाही, सिरिंजा दिल्या नाहीत. खाली सही केली.

मग व्हायचं ते झालं. आबांचा मुलगा भांडुपहून आला, आवाज चढवून बोलला, बोलणारच. सिस्टरांनी त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं, बाटली आणि दोन्ही सिरिंजा समोर ठेवून. खुलासा मागणारं पत्र आलं. आम्हा दोघांना अलिबागला बोलावणं आलं. साहेबांपुढं उभं राहून सिस्टर तेच बोलल्या जे रजिस्टरमध्ये होतं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. दोघांना लेखी ताकीद मिळाली. परतीच्या एसटीत मला वाटलं, आता त्या मला काहीतरी बोलतील, रागावतील, निदान समजावतील. त्यांनी शेंगदाण्याची पुडी घेतली, निम्मे दाणे माझ्या हातावर ठेवले आणि माणगाव येईपर्यंत गाढ झोपल्या.

आबा मात्र बदलले. चूक झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सिस्टर इंजेक्शन घेऊन गेल्या तर त्यांनी हात आत ओढून घेतला. "तुज्या हातचं नको." सगळ्या वॉर्डासमोर. सिस्टर म्हणाल्या, "बरं आबा," आणि धाकट्या सिस्टरांना पाठवलं. पुढचे आठ दिवस असंच. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही त्यांना बिस्किटाच्या डब्यातनं वाचवलंत, ते विसरले?"

"त्यांना नको म्हणायचा हक्क हाय," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी खाल्ली नाही, तशीच घरी नेली, हे मी पाहिलं.

आबांना घरी सोडायचं ठरलं, तेव्हा प्रश्न आला की वाडीवर रोज इंजेक्शन देणार कोण. तिथपर्यंत रस्ता नाही. सिस्टर रंजनाला म्हणाल्या, "तू."

"नाय नाय सिस्टर. मला सुई बघूनच घेरी येते."

"मलाही यायची. बाजारातनं एक वांगं घेऊन ये."

तीन दिवस रंजना वांग्याला इंजेक्शन देत होती. आबा खाटेवरून तिरक्या नजरेनं बघत. चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आता तू सिस्टर आणि मी गणपत आबांची सून. मला काय येत नाय. शिकव मला." ही त्यांची नेहमीची रीत, कुणालाही काही शिकवलं की शेवटी उलटं शिकवायला लावत. रंजना घसा खाकरून सांगायला लागली. आधी हात धुवायचे. हात धुतले. मग बाटली घ्यायची. सिस्टरांनी बाटली घेतली, हलकेच तळहातांत फिरवली, बूच पुसलं आणि सुई आत घातली.

"थांबा," रंजना म्हणाली. "बाटली वाचली नाय तुम्ही."

धाकट्या सिस्टर जागच्या जागी थबकल्या. रंजनालाही आपण काय बोललो ते कळलं आणि तिनं जीभ चावली.

खाटेवरून आबांचा आवाज आला, "बघा! पुन्ना तेच!" आणि म्हातारा खो खो हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला. सिस्टरांनी सुई बाहेर काढली, बाटली चष्म्यापुढं धरली आणि पहिलीतल्या मुलीसारखं मोठ्यानं नाव वाचलं, मग ताकद वाचली. रंजना म्हणाली, "हं. आता भरा." दुपारच्या इंजेक्शनला आबांनी धाकट्या सिस्टरांना हातानं बाजूला सारलं आणि उतेकर सिस्टरांकडे दंड पुढं केला.

त्या मुद्दाम विसरल्या होत्या की खरंच विसरल्या होत्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. रंजना आता वाडीवरच्या आणखी तिघांना इंजेक्शनं देते. आणि मी नवं औषध आलं की ते हातात घेऊन स्वतः वॉर्डात जातो. जेवण नंतर.

सिस्टर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, नव्या मुलींना एवढंच म्हणाल्या, "चुकलात तर लगेच सांगा. मला बोलवा, मी येईन सोबत." एक नवी मुलगी तशी खरंच एकदा रडत त्यांच्या घरी गेली होती, आणि त्या तिच्याबरोबर डॉक्टरांसमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तोवर माझी बदली महाडला झाली होती.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पोलादपूरच्या एसटी स्टँडवर. मी महाडच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. समोर त्यांच्या गावाकडची गाडी लागली होती आणि सिस्टर हातात बाजाराची पिशवी घेऊन पायरी चढत होत्या. केस पार पांढरे झाले होते. मी हाक मारणार तेवढ्यात एक बाई मागून धावत आली, कडेवर तान्हं मूल, हातात औषधाची बाटली. तिनं सिस्टरांच्या पदराला हात लावला आणि काहीतरी विचारलं. कंडक्टर वरून म्हणाला, "मावशी, चढा लवकर. पुढची गाडी चार वाजता."

सिस्टरांनी बाटली हातात घेतली. चष्मा डोळ्यांवर चढवला, बाटली उजेडात फिरवली. मग पायरीवरून खाली उतरल्या आणि कंडक्टरला हात हलवून जा म्हणाल्या.

त्यांची गाडी गेली. थोड्या वेळानं माझीही सुटली. मागं वळून पाहिलं तेव्हा त्या बाकावर बसल्या होत्या, चपला काढून, मांडी घालून. मूल त्यांच्या मांडीवर होतं आणि ती आई बाटलीचं टोपण मोजमापाला धरून त्यांना काहीतरी समजावून सांगत होती. सिस्टर मान हलवून ऐकत होत्या.